दोर अब्बांच्या हातात

जेद्दाहून जिझानपर्यंतच्या रस्त्यात नदीम खालूंच्या गाडीत इफरा परकार इतकी बोलली, की अल लिथ यायच्या आत हाशिरने कानांत इअरफोन कोंबले, आणि कुनफुदा मागे पडेपर्यंत खुद्द नदीम खालूंनी रेडिओचा आवाज दोनदा वाढवला. तरी ती बोलतच होती. उंटांवर, पेट्रोल पंपावरच्या चहावर, नववीच्या केमिस्ट्रीवर, आणि थोड्या थोड्या वेळाने फिरून त्याच एका विषयावर: फरसान.

"फरसान म्हटलं की मला तर शेव-गाठीच दिसतात," नदीम खालू म्हणाले.

"खालू, बेट आहे ते! मोत्यांचं बेट! एके काळी तिथले लोक..."

"एके काळी तू गप्प बसायचीस," हाशिर इअरफोन न काढताच म्हणाला. "क्या दिन थे यार."

हाशिर म्हणजे नदीम खालूंचा मुलगा, इफराचा मावसभाऊ, अकरावीतला. त्याची जीभ तिखट होती, पण हे मात्र त्याने खरंच सांगितलं होतं. वर्षभरापूर्वीपर्यंत इफरा वर्गात 'प्रेझेंट मिस' इतक्या हळू म्हणायची की तिची गैरहजेरी लागायची. कुणी पाहुणे आले की ती पडद्याआड. शावरमावाल्याला 'लसूण चटणी जास्त' एवढं सांगायलासुद्धा ती अम्मीला कोपराने ढोसायची. आणि मग शाळेने मुलींसाठी बायकांचा जलतरण तलाव भाड्याने घेतला. शोभना मिसनी तिला पाठीखाली एक हात धरून पाण्यावर आडवं केलं, आणि हात कधी काढून घेतला ते तिला कळलंच नाही. छताकडे बघत ती तरंगत होती. एकटी! त्या दिवसापासून पाण्याने जणू तिच्या तोंडाचं कुलूपच काढून घेतलं. सहा महिन्यांत ती शाळेतली सगळ्यात वेगवान पोहणारी झाली, आणि घरातली सगळ्यात जास्त बोलणारी.

घोडं अडलं होतं ते अब्बांपाशी.

इब्राहीम परकार, जेद्दाच्या शराफिया भागातल्या एका कार्गोच्या दुकानात मॅनेजर, मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. खाडीकाठचा माणूस आणि पोहायला येत नाही, हा सासुरवाडीत वर्षानुवर्षं चालत आलेला विनोद होता. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर ते कॉर्निशवर गरी टाकून गरवायला बसायचे. बोटाला दोरा गुंडाळायचा आणि तो थरथरला की ओढायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा हातखंडा. पण पायाच्या घोट्यावर पाणी आलं की उठून मागे सरकायचे. "पाण्याला पोरं आवडतात, गो," ते म्हणायचे. त्यांच्या गावात आया पोरांना हेच सांगत. खाडीने गावातली दोन-तीन पोरं नेली होती आणि अब्बांनी ती बाहेर काढताना पाहिली होती.

आणि खरी गोची अशी, की बायकांच्या तलावात पुरुषांना पाऊल टाकता येत नाही. सहा महिने अब्बा बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून करक चहा पीत होते. त्यांनी आपली मुलगी पोहताना एकदाही पाहिली नव्हती. त्यांनी पाहिले होते ते फक्त तिचे ओले केस. ओल्या केसांवरून काय कळणार?

पुढच्या महिन्यात दम्मामला शाळाशाळांच्या मुलींच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या. शोभना मिसना रविवारी सकाळी उत्तर हवं होतं.

"शिकलीस ना? बस झालं. खलास," अब्बा म्हणाले होते.

"पण अब्बा, का?"

"का म्हणजे काय? मी तिथे नसणार. कोण बघणार तुला?"

पण गप्प बसणारी इफरा आता राहिली होती कुठे! तिने शोधाशोध केली. फरसानच्या मैमुना नावाच्या एका शिक्षिकेचं पान तिला मोबाईलवर सापडलं. बेटावरची जुनी मोत्यांची बुडी नव्या पोरांना कळावी म्हणून ती दर वर्षी सौदीच्या फाउंडिंग डेच्या सुट्टीत एक खेळ घेते. अठरा वर्षांखालचे कुणीही, मुलगे-मुली, पाहुणेसुद्धा. उघड्या समुद्रात. सगळ्यांच्या देखत. अब्बांच्याही!

इफराने नदीम खालूंना सहलीची फूस लावली, अम्मीला आपल्या बाजूला घेतलं, आणि पोहण्याचा अंगभर पोशाख बॅगेत बिर्याणीच्या डब्याखाली दडवला. अब्बांना एवढंच माहीत होतं, की हरणं बघायला चाललोय.

*

हरणं होती. बोटीतून उतरून गावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला खरंच दोन हरणं उभी होती, आणि अब्बा खूश झाले. संध्याकाळी मैमुना त्यांना गावात घेऊन गेली. ती चाळिशीची, चटपटीत, काळ्या अबायावर पांढरे स्पोर्ट्स शूज घालणारी बाई होती. प्रवाळाच्या दगडांचं एक जुनं मोती-व्यापाऱ्याचं घर तिने दाखवलं. भिंतींवर चुन्याची अशी नक्षी होती, की कुणी लेस शिवून चिकटवली आहे असं वाटावं. आजूबाजूला पडकी घरं, उन्हाने पांढरी पडलेली. एवढ्याशा गावात असं घर कुठून आलं?

"मोत्यांतून," मैमुना अरबीत म्हणाली. "इथून मोती जायचे मुंबईला. तिथे भाव मिळायचा. परत येताना लाकूड यायचं, कापड यायचं, तांदूळ यायचा."

इफराने मराठीत सांगितलं, तसे अब्बा ताठ झाले. "म्हणजे आपल्याच बंदराला! सांग तिला, आमचे आजे तिथे गलबतावर होते म्हणून."

"गलबतावर काय होते अब्बा?"

"भंडारी. पण ते नको सांगू."

इफराने सांगितलंच. मैमुना खळखळून हसली आणि म्हणाली, स्वयंपाकी रुसला की जहाज परत फिरतं, म्हणजे तो कप्तानापेक्षा मोठा. अब्बांना ते फार पटलं. ही बाई त्यांना आवडली. इफराने लगेच तवा तापला आहे तोवर भाकरी टाकली.

"अब्बा, उद्या सकाळी मैमुना आपा मुलांचा खेळ घेतात. बुडी मारून तळाचे शिंपले आणायचे. हाशिर उतरणारे."

"उतरू दे."

"मीपण."

अब्बांचा चेहरा भर उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा खोल गेला. "हरणं बघायला आलो ना आपण?"

"बघितली ना दोन!"

"खालू, टेन्शन मत लो," हाशिर अब्बांना म्हणाला. "ये घुटने तक जाएगी, फिर चिल्लाएगी, फिर वापस. तलावात टाईल्स असतात. समुद्रात मासे असतात, मासे."

आता अब्बा स्वतः आपल्या मुलीला हजारदा नको म्हणतील. पण दुसऱ्या कुणी तिला कमी लेखलं, तेही साडूच्या पोराने, म्हणजे झालंच. "कुणाच्या गुडघ्याची गोष्ट करतोस रे? परकारांची पोर आहे ती."

"मग उतरू?" इफराने तो शब्द जमिनीवर पडूच दिला नाही. "आणि जिंकले तर दम्माम?"

अब्बांनी अम्मीकडे बघितलं. अम्मी, म्हणजे नूरुन्निसा परकार, चुन्याच्या नक्षीकडे अशी टक लावून बघत होती की जन्मात तिने दुसरं काही पाहिलंच नाही.

"जिंकलीस तर," अब्बा म्हणाले. त्यांच्या सुरावरून कळत होतं, की जिंकण्याची त्यांना काही भीती वाटत नव्हती.

*

सकाळी खाडीसारख्या आत वळलेल्या समुद्रात दोन लाकडी होड्या नांगरून ठेवल्या होत्या. पाणी इतकं स्वच्छ, की तळाच्या वाळूवरची होडीची सावली दिसत होती. खोली म्हणाल तर, दोन उंच माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली तरी वरच्याची टोपी भिजावी एवढी. तळावर मैमुनाच्या भावाने मोत्यांचे जुने रिकामे शिंपले पसरून टाकले होते. ज्याची टोपली मासे तोलायच्या काट्यावर सगळ्यात जड भरेल तो जिंकला. प्रत्येकाला तीन बुड्या, त्यांतली सगळ्यात जड टोपली धरायची.

काठावर कनातीखाली बायका-पोरं, खजूर, कहवा. अम्मीने तिथे सगळ्यात पुढची जागा पकडली होती.

मैमुनाने पद्धत समजावली. बुडी मारणाऱ्याचे दोर दोन. एका दोराला दगड. त्याच्या फासात पाय अडकवला की दगड तुम्हाला खाली नेतो, आणि मग तो दगड वर ओढून घेतात. दुसरा दोर कमरेला. त्याचं टोक वर होडीत दोरवाल्याच्या हातात. गळ्यात जाळीची टोपली. श्वास संपत आला की खालून एक जोराचा हिसका द्यायचा, आणि दोरवाल्याने तुम्हाला वर खेचायचं.

"आणि दोर कुणाच्याही हातात द्यायचा नाही," ती म्हणाली. "आमच्या आजोबांची रीत होती. बुडणारा परत आला नाही तर ज्याच्या घरात रडणं होईल, त्याच्याच हातात दोर. भाऊ, बाप, मेहुणा. इफरा, तुझा दोरवाला कोण?"

इफराने मागे वळून बघितलं. अब्बांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि होडीच्या मधोमध, पाण्यापासून जितकं लांब बसता येईल तितके लांब ते बसले होते.

"हे," ती म्हणाली.

पहिली बुडी तिची. तिने नाकाला चिमटा लावला, फासात पाय घातला, बिस्मिल्ला म्हटलं, आणि दगड सुटला.

आहाहा! तलावात कुठे असलं काही! हिरवा उजेड वरून खाली झिरपत होता, पिवळे मासे तिला वळसा घालून चालले होते, कान गच्च झाले आणि गिळल्यावर मोकळे झाले. पाय वाळूला टेकले. दगड वर गेला. समोर शिंपलेच शिंपले, बशीएवढाले. ती वाकली. पहिल्या शिंपल्याला बोटं लागली...

आणि कंबरेला असा झटका बसला की ती चक्क उलटी झाली! डोकं खाली, पाय वर, अशी ती भराभर वर ओढली गेली. शिंपला हातातून सुटला, चिमटा नाकावरून उडाला, आणि खोकत-ठसकत ती पाण्याबाहेर आली तेव्हा अब्बा दोर ओंजळी-ओंजळीने गोळा करत होते आणि त्यांचा चेहरा ईदसारखा फुलला होता.

"आली! आली!"

"अब्बा! मी हिसका कुठे दिला?"

"दोर हलला ना गो!"

"मी हलले म्हणून हलला! माणूस हलतो अब्बा!"

कनातीखाली हशा पिकला. दुसऱ्या होडीतून हाशिर ओरडला, "खालू! सुरमई मिली क्या?"

त्याची बुडी झाली. नदीम खालू दोर एका हातात धरून दुसऱ्या हाताने खजूर खात होते; हिसका आला तसं त्यांनी आरामात ओढलं, आणि हाशिर टोपली अर्धी भरून वर आला. मग इस्मत उतरली. ती मैमुनाच्याच शाळेतली, बेटावरची, सडपातळ मुलगी. तिचा दोर तिच्या थोरल्या भावाच्या हातात होता. ती खाली गेली आणि राहिलीच. आता येईल, मग येईल, म्हणेपर्यंत दोराला एक नेटका हिसका बसला आणि ती काठोकाठ टोपली घेऊन, जणू बाजारातून भाजी घेऊन आली अशा थाटात वर आली. इफराने मनातल्या मनात तिला सलाम ठोकला. आणि मग अब्बांकडे वळली.

"दुसऱ्या वेळी ओढायचं नाही. मी सांगेपर्यंत. शपथ?"

"शपथ."

दुसऱ्या बुडीत तिने तीन शिंपले उचलले. चौथ्याला वाकताना तिने थोडा श्वास सोडला. शोभना मिसनी तसंच शिकवलं होतं. बुडबुडे वर गेले. अब्बांनी बुडबुडे पाहिले.

झटका!

या वेळी ती वर आली ती रागाने लाल होऊन. होडीच्या कडेला लटकून तिने आधी श्वास घेतला आणि मग तोंड उघडलं.

"शपथ घेतली होती तुम्ही!"

"बुडबुडे आले गो. माझ्या डोळ्यांदेखत बुडबुडे आले. आमच्या खाडीत बुडबुडे आले म्हणजे..." अब्बांनी पुढचं गिळलं.

"अहो!" काठावरून अम्मीचा आवाज आला. "पोरगी आहे ती, बांगडा नाही!"

पुन्हा हशा. पण या वेळी अब्बा हसले नाहीत, आणि इफराही हसली नाही. "तुमचा माझ्यावर भरवसाच नाही," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण पाण्यावरून हळू आवाजही लांब जातो.

मैमुना होडीच्या टोकावरून पुढे आली. "बघ मुली, एक सांगू? शेवटच्या बुडीला माझा भाऊ दोर धरेल. त्याचा हात सरावलेला आहे. पाहुण्यांना तेवढी सूट. रीत आमच्या बापजाद्यांची. त्यासाठी काही आम्ही तुला पोलिसात देणार नाही."

इफराने मराठीत सांगायच्या आधीच अब्बांना कळलं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांचे तळहात दोराने लालबुंद झाले होते. "देऊन टाक त्याला," ते म्हणाले. "बरोबर बोलतेय ती. माझ्याने नाही होत. तू त्याच्याबरोबर जिंकशील. मी दम्मामला नाही म्हणणार नाही, शब्द आहे माझा."

घ्या! याच्यासाठी तर बिर्याणीच्या डब्याखाली पोशाख दडवला होता. मैमुनाचा भाऊ एव्हाना बाह्या सरसावत उठला होता. त्याचे हात म्हणजे नुसते नारळाच्या झाडाची मुळं. त्याच्या हातात दोर दिला की टोपली भरली, काटा झुकला, दम्माम पक्कं.

इफराने 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर दम्माम उभं राहिलं. तिथे ती उडी मारणार, आणि इथे जेद्दात अब्बा दुकानात बसून, डोळे मिटून, बुडबुडे बघत राहणार. त्यानंतरच्या स्पर्धेलाही. कॉलेजलाही. त्यांचा होकार तोंडाचा असेल, हात मात्र जन्मभर दोर ओढतच राहतील. आज पहिल्यांदा त्यांनी तिला पाण्यात बघितलं होतं, आणि बघितलं ते काय, तर दोनदा ओढून काढलेली, खोकणारी पोरगी!

"नको," ती मैमुनाला म्हणाली. "शुक्रन, आपा. माझा दोर माझे अब्बाच धरणार."

"अगं वेडी आहेस का?" अब्बा घाबरूनच गेले. "मी परत ओढेन!"

"नाही ओढणार. अब्बा, एक सांगा. तुम्ही गरवायला बसता. दोरा बोटाला असतो. मासा येतो, आधी नुसता आमिष चाखतो. तेव्हा दोरा हलतो ना?"

"हलतो की. नुसता फुरफुर करतो."

"तेव्हा ओढता?"

"छे! खुळी का काय? तेव्हा ओढलं तर मासा गेला. तेव्हा श्वास रोखून बसायचं. चाखू द्यायचं त्याला, खेळू द्यायचं. आणि मग तो गिळून पळायला लागला, की असा एक दणका बसतो बोटाला. तो वेगळाच असतो, तो कळतो. मग ओढायचं."

"आणि हाशिर कॉर्निशवर काय करतो?"

"तो गाढव. हललं की ओढतो. म्हणून त्याला आजपर्यंत..."

अब्बा थांबले. त्यांनी हातातल्या दोराकडे बघितलं. मग इफराकडे. मग पुन्हा दोराकडे.

"मी खाली नुसती चाखतेय, अब्बा," इफरा म्हणाली. "फुरफुर होईल. बुडबुडे येतील. दणका मी देईन तेव्हा ओढा."

अब्बा उठले. होडीच्या मधली सुरक्षित जागा सोडून, धरत-धरत, अगदी कडेला येऊन बसले, पाय पाण्याच्या बाजूला टाकून. लाटेने त्यांचे घोटे भिजले. त्यांनी दोराचे वेढे सोडले आणि तो तर्जनीवरून घेतला. सगळ्या मुठीत नाही. फक्त तर्जनीवरून, गरीच्या दोऱ्यासारखा.

"जा," ते म्हणाले. "यल्ला."

दगड सुटला.

हिरवा उजेड. कान गच्च, कान मोकळे. वाळू. या वेळी इफराने घाई केली नाही. पहिला शिंपला उचलला आणि टोपलीत टाकला. दुसरा. ती पुढे सरकली तसा कमरेचा दोर तिच्यामागून आला, हलकेच, लाडात आलेल्या मांजरीच्या शेपटीसारखा. तिसरा, चौथा. तिने थोडा श्वास सोडला. बुडबुडे चांदीच्या मण्यांसारखे वर निघाले, आणि ती वाकलेल्या जागीच थांबली, कारण तिला माहीत होतं, आता.

दोर ताठ झाला. अगदी स्पष्ट. वरून अब्बांचा सगळा जीव त्या दोरातून खाली उतरला आणि तिच्या कमरेपाशी येऊन थडकला. दोर थरथरत होता. तो दोर नव्हताच, ते अब्बांचं बोट होतं.

नका ओढू, इफरा मनात म्हणाली. चाखतेय मी. चाखतेय, अब्बा.

आणि दोर सैल पडला.

पाण्याखाली हसता येत नाही म्हणतात. चूक! इफरा तोंड मिटून गालभर हसली आणि कामाला लागली. काय लागली म्हणता! दोन्ही हातांनी शिंपले. मोठे, त्याहून मोठे, खडकाच्या फटीत अडकलेला एक तर परातीएवढा, तो तिने हिसडून काढला. दोर जोरात हलला, पण वरून हूं की चूं नाही. टोपली मानेला ओढायला लागली. छातीत धडधड सुरू झाली. तरी अजून एक. छाती जळायला लागली. तरी अजून हा एक. बास. आता बास!

तिने दोर दोन्ही हातांनी धरला आणि असा दणका दिला, की जणू मासा गिळून पळाला!

वर काय झालं ते तिला अम्मीने नंतर सांगितलं. अब्बांनीही म्हणे तिच्याबरोबरच श्वास कोंडून धरला होता, आणि ते आधी लाल, मग जांभळे झाले होते. नदीम खालू पलीकडच्या होडीतून ओरडत होते, "साडूभाऊ, तुम्ही तरी श्वास घ्या!" आणि मग दणका बसला, तसा अब्बांच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो अम्मीने लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. "लागलाऽऽऽ!"

इफरा पाणी फोडून वर आली ती सरळ, ताठ, डोकं वर, टोपली छातीशी. आणि समोर अब्बांचा चेहरा. ते दोर ओढत होते, खोकत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते समुद्राचं होतं की कसं, ते त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही.

"बघितलंत?" इफरा धापा टाकत म्हणाली.

"बघितलं," अब्बा म्हणाले. "खालपर्यंत दिसत होतीस. वाकत होतीस, चालत होतीस. अगदी... अगदी घरात फिरल्यासारखी."

*

काठावर मासे तोलायचा काटा टांगला. हाशिरची टोपली चढली, काटा बऱ्यापैकी खाली आला, आणि हाशिरने कॉलर ताठ केली. तिसऱ्या बुडीचा हिसका त्याने देऊनसुद्धा नदीम खालूंचं लक्ष खजुरात होतं, म्हणून तो अर्धमेला होऊन वर आला होता आणि बापाशी बोलत नव्हता. मग आणखी दोन-तीन पोरांच्या टोपल्या. मग इस्मतची. काटा हाशिरच्या खुणेच्या कितीतरी खाली गेला आणि बेटावरच्या बायकांनी जिभा हलवून असा काही ललकारा केला, की इफराच्या अंगावर काटाच आला.

इफराची टोपली चढली. तिची तोलण्याजोगी ही एकच, शेवटच्या बुडीची. काटा इस्मतच्या खुणेपाशी जाऊन थांबला. थरथरला. एकीकडे बेटावरच्या बायका, एकीकडे अम्मी, दोन्हीकडे श्वास रोखलेले. आणि तो परातीएवढा शिंपला टोपलीत कलंडला, तसा काटा जरासा, अगदी जरासा, पण सगळ्यांना दिसेल इतका, खाली बसला.

त्यानंतर कोण काय ओरडलं ते कुणाला कळलं नाही. अम्मी चपला टाकून वाळूतून धावत आली. इस्मतने इफराला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "पुढच्या वर्षी ये, मग बघते तुला." हाशिर डोकं खाजवत आला. "ठीक है," तो म्हणाला. "मानलं. पण गाडीत आता आणखी बोलशील ना? मी बसने जातो."

मैमुनाने निकाल सांगितला. इथल्या रिवाजाप्रमाणे आधी दोरवाल्याचं नाव घ्यायचं असतं, बुडी मारणाऱ्याचं नंतर. "दोर, इब्राहीम! बुडी, इफरा!" अब्बांनी आपलं नाव ऐकलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. टाळ्या थांबल्यावर ते सगळ्यांकडे बघून मोठ्या आवाजात, थेट मराठीत म्हणाले, "माझी पोरगी पुढच्या महिन्यात दम्मामला चाललीय, पोहायला!" कुणाला काही कळलं नाही, तरी पुन्हा टाळ्या पडल्या. आता इफराला कोण धरणार! ती 'अब्बाऽऽ' करत थेट होडीकडे पळाली.

"कुठे गो?"

"अजून एकदा! नुसतीच! मजा म्हणून!"

"दोर?"

"नको!"

अब्बा तिच्यामागे घोटाभर पाण्यात गेले, मग गुडघाभर, आणि तिथेच थांबले. इफरा पोहत जाऊन होडीच्या टोकावर उभी राहिली. अंगाला ना दोर, ना दगड. तिने एकदा मागे बघितलं. अब्बांचे दोन्ही हात पुढे यायला निघाले होते. ते त्यांनी पाठीमागे नेले आणि एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडून ठेवलं.

इफराने उडी मारली. पाणी उडालं, मिटलं, गुळगुळीत झालं.

"अहो," काठावरून अम्मी म्हणाली, "हात सोडा की आता. वर आली म्हणजे टाळ्या कशाने वाजवणार?"

"थांब गं," अब्बा पाण्यावरची नजर न हलवता म्हणाले. "चाखतेय ती अजून."